कवचाचं वजन

हैदराबादेतल्या तारनाका या नावातले दोन्ही शब्द मराठी वाचकाला लगेच ओळखू येतात. तार आणि नाका. निजामाच्या काळात इथे बाग होती, बागेला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाशी चौकी, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आज तिथे बाग नाही. मेट्रोचं स्थानक आहे, एका बाजूला उस्मानिया विद्यापीठाचा परिसर आहे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर देशातल्या दोन नामांकित संशोधन संस्था आहेत: भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पोषण संस्था. पण नावात राहून गेलेली ती तार या प्रकरणाच्या विषयाला नेमकी लागू पडते. तारेचं कुंपण गुरांना अडवतं, चोराला थोडा वेळ थोपवतं, पाखरांना मुळीच अडवत नाही. बागवान ते घालतो तेव्हा कुणापासून राखण करायची हे त्याने आधी ठरवलेलं असतं. प्रत्येक कवच असंच एका ठरावीक धोक्यासाठी घडवलेलं असतं, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. कुंपणाची किंमत बागेचा मालक मोजतो. अंगावर घालायच्या कवचाची किंमत मात्र ते घालणारा मोजतो: खांद्यांनी, श्वासाने, घामाने. त्यामुळे कवच किती मजबूत आहे याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की त्याचं वजन कोणाच्या अंगावर पडतं, आणि ते त्याच्याच अंगावर का पडावं.

कवचासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कवच आणि वर्म संस्कृतातून आले, बख्तर फारसीतून. जिरेटोपातला ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘जिरह’, कड्यांचं विणलेलं चिलखत. कापूस ठासून शिवलेल्या जाड अंगरख्याला दगला म्हणत. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या चार पत्र्यांना चार-आइना म्हणत, म्हणजे चार आरसे. सालारजंग संग्रहालयातल्या शस्त्रदालनात असली चिलखतं पाहायला मिळतात. कड्यांचं चिलखत जवळून पाहिलं की त्यामागची मेहनत कळते. करंगळीच्या नखाएवढ्या लोखंडी कड्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली, आणि चांगल्या कामात कडीची दोन टोकं चपटी करून बारीक रिवेटीने जोडलेली. असल्या हजारो कड्यांचा तो सदरा असतो. हातात घेतला तर तो कापडासारखा ओघळतो, आणि मग त्याचं दहा-पंधरा किलोंचं वजन हाताला जाणवतं. तलवारीचा वार त्यावरून घसरतो. पण अरुंद टोकाचा बाण किंवा जोराने खुपसलेली कट्यार कडी फोडून आत जाऊ शकते, आणि गदेचा तडाखा कड्यांसकट हाड मोडतो. म्हणून आत दगल्यासारखं भरीव वस्त्र लागतंच. तडाखा सोसायचं काम कापसाचं, धार अडवायचं काम लोखंडाचं. दोन धोके आले की दोन कवचं आली, आणि दोन्हींचं ओझं एकाच अंगावर आलं.

या दृष्टीने १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाखालचा प्रसंग पुन्हा पाहण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, अफझलखानाचा वार चिलखतावर निभावला, हे मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आपण ही गोष्ट सावधपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात हिशोबही आहे. भेट शामियान्यात होणार होती, मोजक्या माणसांत होणार होती, दगा झालाच तर तो हातभर अंतरावरून आणि छोट्या शस्त्राने होणार होता. म्हणजे धोका कोणता, कुठून येणार आणि किती वेळ टिकणार, हे तिन्ही अंदाज महाराजांनी आधी बांधले होते. असं असेल तर चिलखताचं वजन परवडतं. एरवी मात्र मराठी घोडदळाची सारी ताकद हलकं असण्यात होती. झपाट्याने यावं, मुलूख ओलांडून निघून जावं, जड फौजेला दमवावं, ही त्यांची रीत, आणि त्या रीतीत वेग हेच संरक्षण होतं. वीस कोसांच्या दौडीत घोड्यावर लोखंडाचा भार घालणं म्हणजे हातातलं खरं कवच टाकून नकली घेणं. जे चिलखत प्रतापगडाखाली जीव वाचवतं, तेच लांबच्या दौडीत जिवावर येऊ शकतं. ११८७ च्या जुलैत पॅलेस्टाइनमधल्या हत्तीनच्या माळावर जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याच्या जड चिलखती फौजेचा पाण्यावाचून कसा चुराडा झाला, हे युद्धांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सलादिनच्या सैन्याने त्यांना पाण्यापर्यंत पोचू दिलं नाही. उरलेलं बरंचसं काम उन्हाने आणि त्यांच्याच अंगावरच्या थरांनी केलं.

महाभारतात कर्णाचं कवच जन्मजात आहे. ते त्याच्या अंगासोबत वाढतं, त्याचं ओझं होत नाही, ते काढून द्यायचं म्हणजे स्वतःचं अंग सोलावं लागतं. त्या कथेकडे दानशूरपणाची कथा म्हणून पाहतात, पण त्यात माणसाची एक फार जुनी इच्छाही दिसते: किंमत न मागणारं कवच मिळावं. आपल्याला असं एक कवच मिळालेलं आहेही. ते म्हणजे त्वचा. ती जंतूंना अडवते, पाणी आत शिरू देत नाही, आणि त्याच वेळी आतली उष्णता बाहेर सोडते. माणसाने बनवलेल्या कवचांना नेमकं हे दुसरं काम जमत नाही. बेताचं कष्टाचं काम करणारं शरीर ताशी साधारण बाराशे ते तेराशे किलोज्यूल उष्णता निर्माण करतं. हवा अंगाइतकीच तापलेली असेल तर ही उष्णता बाहेर टाकायची एकच वाट उरते, घाम सुकणं. एक लिटर घाम सुकताना साधारण चोवीसशे किलोज्यूल घेऊन जातो. म्हणजे तासाला अर्धा लिटर घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकायला हवा. जे वस्त्र बाहेरचा थेंब आत येऊ देत नाही ते बहुधा आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. उष्णतेला वाटच मिळाली नाही तर साठ-पासष्ट किलोच्या माणसाच्या शरीराचं तापमान तासाभरात पाच अंशांनी चढू शकतं, आणि तेवढं चढण्याच्या कितीतरी आधी तो माणूस कोसळतो. चिलखतामुळे बाहेरचा धोका टळतो आणि आतला सुरू होतो, हे लष्करी वैद्यकाला चांगलं माहीत आहे. शेतात मात्र ते फारसं कुणी लक्षात घेतलेलं नाही.

हैदराबाद हे आधुनिक कवचांचंही शहर आहे. कंचनबागेतल्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेत अर्जुन रणगाड्याचं कवच घडलं, आणि त्या वस्तीवरून त्याला ‘कांचन’ नाव मिळालं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर आधारलेलं ‘भाभा कवच’ हे गोळीरोधक जॅकेट हैदराबादच्या मिश्र धातु निगम या सरकारी कंपनीत बनतं. त्यातल्या बोरॉन कार्बाइडसारख्या कठीण सिरॅमिकवर गोळी आदळली की तिचं टोक फुटतं, तिचा वेग मोडतो, आणि मागच्या तंतूंच्या थरात उरलेले तुकडे अडकतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पोलिसांच्या जॅकेटांच्या दर्जावर जो वाद पेटला त्यातून लोकांना पहिल्यांदा नीट कळलं, की जॅकेट म्हणजे सबंध माणूस नव्हे. मान, खांद्याचा वरचा भाग, काख, चेहरा उघडेच राहतात. २०१८ मध्ये भारतीय मानक ब्युरोने अशा जॅकेटांसाठी स्वतंत्र मानक आणलं. त्यात जॅकेटाच्या पातळ्या ठरवल्या आहेत: कोणत्या बंदुकीची, कोणत्या जातीची गोळी ते थोपवेल हे पातळीवर अवलंबून. माझ्या मते कवचाबद्दलचा हाच प्रामाणिक दस्तऐवज. कशापासून वाचवणार हे त्यात लिहिलेलं असतं, आणि कशापासून वाचवणार नाही तेही वाचणाऱ्याला उमगतं.

आता तारनाक्याकडे परत येऊ. रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९४४ मध्ये हैदराबाद संस्थानाची मध्यवर्ती प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, १९५६ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. देशाला परकी कंपन्यांवर अवलंबून राहायला लागू नये म्हणून औषधं आणि शेतीची रसायनं देशी पद्धतीने बनवण्याचं मोठं काम इथे झालं. त्या रसायनांत मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही होती. हे काम कमी लेखायचं कारण नाही. त्या काळात पीक वाचवणं ही देशाची गरज होती. पण हे विष काम कसं करतं ते समजून घेतलं पाहिजे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. निरोप पोचला की एक विकर त्याला लगेच तोडून टाकतं, आणि स्नायू सैल पडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या विकराला चिकटून त्याला निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून श्वास बंद. अळीच्या शरीरात घडतं तेच माणसाच्या शरीरात घडतं. या विषाला दोघांतला फरक कळत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात हेच घडलं. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकड्यांनी लोक रुग्णालयात दाखल झाले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला, आणि राज्य सरकारला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. त्या हंगामात बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बीटी वाणाला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने शेतकरी धास्तावले होते, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारण्याची पद्धत रूढ झाली होती. बॅटरीवरच्या नव्या पंपांतून तुषार बारीक निघत होते, आणि बारीक तुषार हवेत जास्त वेळ तरंगतात. हवा दमट आणि कोंदट होती. या सगळ्याच्या मधोमध उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप, भरला की वीस किलोच्या घरात जाणारा, म्हणजे कड्यांच्या चिलखतापेक्षा जड. झाकण नीट बसत नाही म्हणून प्रत्येक पावलाला थोडं पाणी हिंदकळतं आणि पाठीवरून कमरेपर्यंत ओघळतं. हातातली नळी वर धरायची, कारण झाड उंच. मग वरून पडणारे तुषार डोक्यावर, कपाळावर, मानेवर. पायात बहुतेक वेळा चप्पल किंवा काहीच नाही. अनेक ठिकाणी मजुरी पंपामागे ठरते. म्हणजे थांबलं, हात धुतले, सावलीत बसलं, की तेवढे पैसे गेले.

या माणसासाठी कवच कायद्यात आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्या नियमांत संरक्षक कपड्यांचा तपशील दिला आहे: विष झिरपू न देणारा, धुता येणारा बाहेरचा पोशाख, डोक्यावर टोपी, मनगट आणि कोपर यांच्या निम्म्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे, धूळरोधक चष्मा, बूट, आणि लागेल तिथे श्वसनाचं साधन. कागदावर यात काही उणीव नाही. पण ही यादी वाचताना ऑक्टोबरातलं विदर्भाचं ऊन मनात ठेवावं, आणि मागच्या घामाच्या हिशोबाशी ताडून पाहावं. हा पोशाख अंगात घालून पाठीवर वीस किलो घेऊन दिवसभर चालता येतं का, हे नियम लिहिताना कुणी तपासलं असावं असं त्यावरून तरी दिसत नाही. याच्या उलट उदाहरण आपल्या ताज्या आठवणीत आहे. २०२० मध्ये करोनाच्या वॉर्डांत डॉक्टर आणि परिचारिका असाच पोशाख घालून काम करत होत्या. त्यांचेही हाल झाले. घामाने चष्मे धूसर व्हायचे, नाकावर जखमा पडायच्या. पण तिथे व्यवस्थेने कवचाचं निम्मं ओझं उचललं होतं. पाळ्या आखल्या होत्या, पोशाख चढवायची-उतरवायची वेगळी खोली आणि पद्धत होती, शिकवणारं माणूस होतं, नवीन पोशाख सरकार किंवा रुग्णालय पुरवत होतं, आणि पोशाखात गेलेल्या वेळाचा पगार कापला जात नव्हता. त्याच काळात तारनाक्याच्या रासायनिक संस्थेतही अनेक थरांचे मास्क तयार झाले. समाजाने ठरवलं की कवच भोवतीचं सगळं काम बदलता येतं. फवारणी करणाऱ्याच्या वाट्याला हे ठरवणं आलं नाही. त्याला नुसती यादी मिळाली.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे: शेतकरी निष्काळजी असतात, किट फुकट दिलं तरी घालत नाहीत, घरी खुंटीला टांगून ठेवतात. टांगून ठेवतात हे खरं आहे. पण त्याचा अर्थ निष्काळजीपणा असा लावणं म्हणजे हत्तीनच्या शिपायाला तहान लागली म्हणून दोष देणं. जे कवच घातल्यावर तासाभरात चक्कर येते ते काढून ठेवणारा माणूस दोन धोके तोलून जवळचा टाळत असतो. उष्म्याचा त्रास त्याला आत्ता जाणवतो. विष अंगात मुरतंय हे जाणवत नाही. आणि अर्धं कवच कसं फसवं ठरतं तेही पाहावं. अनेकजण तोंडाला रुमाल किंवा उपरणं बांधतात. कोरडं असेपर्यंत ते मोठे थेंब अडवतं. अर्ध्या तासात ते फवाऱ्याने भिजतं, आणि मग तोच रुमाल विषाची पट्टी होऊन नाकातोंडावर चिकटून राहतो. शिवाय आपण विष नाकातून जातं असं समजतो, तर फवारणीत ते मोठ्या प्रमाणात कातडीतून जातं, आणि सगळी कातडी सारखी नसते. १९७० च्या सुमारास पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेटवर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात असं दिसलं की हाताच्या पुढच्या भागातून लावलेल्या मात्रेचा साधारण नऊ टक्के भाग शरीरात शिरला, डोक्याच्या कातडीतून बत्तीस टक्के, कपाळातून छत्तीस टक्के, आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळाच. उंच पऱ्हाटीतून कपाळावर पडणारे तुषार आणि गळक्या पंपातून कमरेखाली ओघळणारं पाणी, दोन्ही नेमकी त्याच जागी पोचतात. हातमोजे आणि मास्क एवढंच वाटप करून फोटो काढले जातात तेव्हा शरीराचे सर्वात उघडे दरवाजे उघडेच राहिलेले असतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सक्तीने कवच घालायला लावता येतं आणि त्याने जीव वाचतात, याचा भक्कम पुरावा आपल्याजवळ आहे: दुचाकीचं हेल्मेट. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे अपघातातला मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. मग फवारणीच्या किटाची सक्ती का नको? हेल्मेटची सक्ती हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण हेल्मेट यशस्वी का होतं ते पाहिलं तर किट का अपयशी ठरतं तेही कळतं. हेल्मेट एकच अवयव झाकतं, गाडी चालत असताना वारा लागतो, प्रवास बहुधा तासाभराचा असतो, वजन दीड किलोच्या आत, आणि घालणारा बसलेला असतो, कष्ट करत नसतो. शिवाय हेल्मेट हा एकटा उपाय नाही. रस्ता, सिग्नल, ब्रेक, परवाना हे सगळे थर त्याच्या आधी येतात. फवारणीत आधीचा एकही थर नाही. जहाल विष बाजारात सहज मिळतं, पंप गळका, कालवण्याची माहिती दुकानदाराकडून, आणि मग शेवटचा थर म्हणून माणसाच्या अंगावर रबर. औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्रात उपायांचा एक क्रम सर्वमान्य आहे: आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू वापरा, मग यंत्रात सुधारणा करा, मग कामाची पद्धत बदला, आणि हे सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी अंगावरचं कवच द्या. आपण हा क्रम उलटा केला आहे. कवच शेवटचं म्हणून ठरलेलं, ते पहिलं आणि एकमेव केलं. त्यामुळे अपघात झाला की जबाबदारी आपोआप कवच न घालणाऱ्यावर येते, आणि विष बनवणारा, विकणारा, परवानगी देणारा, असे सगळे वरचेवर सुटतात. माझा खरा आक्षेप इथे आहे.

कवचच सुधारलं तर? हा रास्त प्रश्न आहे, आणि त्यावर उत्तम काम झालं आहे. बेंगळुरूच्या इन्स्टेम या संस्थेने विकसित केलेलं ‘किसान कवच’ डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत लोकांपुढे आलं. त्यातली कल्पना सुंदर आहे. कापड विषाला अडवत बसत नाही. कापसाच्या तंतूंना जोडलेला ऑक्झिम नावाचा रासायनिक गट ऑर्गॅनोफॉस्फेटच्या रेणूवर हल्ला करून त्याचे निरुपद्रवी तुकडे करतो. म्हणजे कापडाला रबरासारखं बंद असावं लागत नाही, घाम सुकायला वाट राहते. लोखंड आणि रबर यांच्या पलीकडे जाऊन कवचाने पहिल्यांदा त्वचेसारखं वागायचा प्रयत्न केला आहे, आणि तोही कापसाच्या कापडातून. पूर्वी दगल्यात ठासलेला कापूस शिपायाचं रक्षण करायचा, आता तो कापूस पिकवणाऱ्याचं करू पाहतो. किमतीचा आकडा साधारण चार हजार रुपये सांगितला गेला, धुऊन अनेक वेळा वापरता येईल असंही. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्यासाठी चार हजार ही लहान रक्कम नाही, पण ती सरकारने किंवा औषध बनवणाऱ्यांनी उचलावी असं म्हणायला जागा आहे. मुद्दा वेगळा आहे. हेही कवच आपल्या धोक्याशी बांधलेलं आहे. ज्या रेणूची जोडणी ऑक्झिमला तोडता येते त्याच्यापुरतीच ही करामत. यवतमाळच्या पंपांत एकाच वेळी वेगवेगळ्या गटांची औषधं कालवलेली होती. गोळीरोधक जॅकेटाला जशी पातळी लिहावी लागते, तशी या कापडालाही लिहावी लागेल: कशापासून वाचवतं, कशापासून नाही. ते मजुराला समजेल अशा मराठीत आणि चित्रात लिहिलं जावं, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

जगाने या बाबतीत एक भूमिका घेऊन ठेवली आहे, तिची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९८५ मध्ये कीटकनाशकांसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आणली. पुढे जागतिक आरोग्य संघटनाही तिच्याशी जोडली गेली. तिच्यातल्या एका कलमाचा आशय असा: ज्या कीटकनाशकासाठी त्रासदायक, महागडा किंवा सहज न मिळणारा संरक्षक पोशाख लागतो, ते टाळावं, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. या कलमात प्रश्नाची दिशाच फिरवली आहे. माणूस पोशाखाला लायक आहे का असं न विचारता, विष त्या माणसाला आणि त्या उन्हाला लायक आहे का असं विचारलं आहे. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससह सर्वात जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, १९९८ मध्ये एंडोसल्फानवर. पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर लाखामागे सत्तेचाळीसवरून चोवीसवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आला, आणि या बंदीमुळे शेतीचं उत्पादन घसरल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. आत्महत्या आणि फवारणीतली विषबाधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण एका आदेशाने काढून घेतलेलं विष सबंध देशाच्या अंगावरचं बिनवजनी कवच कसं होतं, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्ये मनाई झाली. तरी २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात हेच विष मिसळलं गेल्याने तेवीस मुलं गेली. त्या मुलांना कोणता हातमोजा वाचवणार होता? मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर देशव्यापी बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडावं लागलं.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचाच आहे, म्हणून त्याचं उत्तर काळजीपूर्वक द्यायला हवं. औषध बंद केलंत, तर बोंडअळीचं काय? हे विचारणाऱ्याने एका वर्षाचा कापूस डोळ्यांदेखत पोकळ होताना पाहिलेला असतो. त्याला ‘सेंद्रिय करा’ असं ऐकवणं हा त्याच्या नुकसानीचा अपमान आहे. पण बोंडअळी बोंडात शिरल्यावर बाहेरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही. त्या वेळचे अनेक पंप शेतकऱ्याच्या भीतीपोटी मारलेले असतात. अळीला गाठायचं तर ती बोंडात शिरण्यापूर्वी, पतंग असताना. तारनाक्याच्या ज्या संस्थेत एकेकाळी कीटकनाशकांच्या देशी पद्धती घडल्या, तिथेच आज कीटकांच्या गंधरसायनांवर काम चालतं. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते तो प्रयोगशाळेत बनवून रबराच्या छोट्या गोळीत भरायचा आणि सापळ्यात टांगायचा. शेतकरी त्याला कामगंध सापळा म्हणतो. त्याच चौकापासून जवळ, पोषण संस्थेत, तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या रक्ता-लघवीत कीटकनाशकांचे अंश किती सापडतात याचा अभ्यास झाला आहे. एका संस्थेत विषाचा शरीरातला हिशोब, दुसरीत विषाला पर्याय, आणि मधे तारनाक्याची रहदारी.

गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन सापळे लावायची शिफारस आहे, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच. काठीला बांधलेलं नरसाळं, खाली लांब प्लास्टिकची पिशवी, आत ती रबरी गोळी. सकाळी पिशवी उघडून राखाडी-तपकिरी, जेमतेम भाताच्या दाण्याएवढे पतंग मोजायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. एका सापळ्यात रात्रीत आठ, आणि असं सलग तीन रात्री, तर धोक्याची पातळी गाठली. त्याखाली असेल तर पंप उचलायचा नाही. या कामाला ना हातमोजे लागतात ना चष्मा. सदऱ्याच्या बाह्या दुमडून, उघड्या हाताने, उन्हं वर यायच्या आत ते होऊन जातं.